कलमांवरची कोळिष्टकं काढावीत की ठेवावीत?

आडवाट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमची हापूसची ४२ कलमं आहेत, आजोबांनी लावलेली. वडील होते तोवर मला बागेबद्दल एवढंच ठाऊक होतं की आंबे मे महिन्यात पेटीतून येतात. आता बाग मीच बघतो, म्हणजे पुण्यात बसून फोनवर बघतो.

दसऱ्याला गेलो होतो. पाऊस नुकताच ओसरलेला. कलमांत शिरलो की दर दोन पावलांवर तोंडाला जाळं. फांद्यांच्या बेचक्यात, पानांच्या झुबक्यात, सगळीकडे पांढरं काहीतरी. राखणीचा गुरखा म्हणाला, "बांबूला झाडू बांधून सगळं साफ करतो, मग पालवीवर फवारा मारून घेऊ." शेजारच्या बागेतले काका म्हणाले, "कोळी राहू दे रे, ते तुडतुडे खातात." औषधांच्या दुकानदाराने काकांचं म्हणणं ऐकून घेतलं, हसला आणि दोन बाटल्या पुढे सरकवल्या.

तिघांपैकी कोणाचं ऐकू? कोळी खरंच तुडतुडा आटोक्यात ठेवतात, की ही नुसती मनाची समजूत?

खवय्या_नं_२
शीर्षक वाचून वाटलं दिवाळीच्या साफसफाईचा धागा आहे. आमच्याकडची कोळिष्टकं काढायला गुरखा पाठवता का?

बेचका
आमची देवगडला बाग आहे, माझी ही तिसावी मोहोराची खेप. काका बरोबर आहेत आणि दुकानदारही अगदीच खोटा नाही.

तुडतुडा म्हणजे गव्हाच्या दाण्याहून लहान, पाचरीच्या आकाराचा किडा. कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषतो. वर तो जो गोड चिकटा टाकतो त्याने पानं तेलकट दिसतात आणि त्यावर काजळी धरते. जास्त झाला की मोहोर करपून काड्या राहतात. संध्याकाळी बागेतून चालताना तोंडावर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज आला तर समजायचं, तुडतुडा उडतोय. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस कोळ्यांच्या भरवशावर झोपत नाही.

स्वातीके
कीटकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लांबलचक लिहिणार, आधीच माफी मागते.

पहिली गोष्ट, कोळी कीटक नव्हे. आठ पाय, पंख नाहीत, मिशा नाहीत. आणि तो भक्ष्य चावून खात नाही. विष टोचतो, पाचक रस आत सोडतो आणि आतला ऐवज पातळ झाला की ओढून घेतो. म्हणून जाळ्यात तुडतुड्यांची पोकळ टरफलं लटकलेली दिसतात.

दुसरी गोष्ट, आडवाट, तुम्हाला दिसली ती जाळी. पण झाडावरचे बरेच कोळी जाळी विणतच नाहीत. उडी मारणारे कोळी, पायांवर काटे असलेले चपळ लिंक्स कोळी, फुलात दबा धरून बसणारे खेकडा कोळी, हे सगळे फिरते शिकारी. तुडतुड्याचा प्रौढ उडतो, तो जाळ्यात सापडतो. पिल्लं उडत नाहीत, मोहोराच्या दांड्यांवरून तिरकी पळतात, त्यांना हे फिरते शिकारी टिपतात. तेव्हा झाडूने जाळी काढली तर अर्धीच फौज जाते. फवारणीने मात्र दोन्ही जातात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर कोळ्यांना फारच जाचतात.

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. भर मोहोरात तुडतुडा फुटला की कोळी कमी पडतात. मादी मोहोराच्या कोवळ्या पेशीत अंडी खुपसते, तिथे कोळ्याचं तोंड पोचत नाही. अंड्यापासून उडत्या किड्यापर्यंत दोन-तीन आठवडे पुरतात. कोळ्याच्या पिल्लाला मोठं व्हायला महिने लागतात. शिवाय कोळी जे मिळेल ते खातो. तुडतुडा वाढला म्हणून तो बाकीचं सोडून तुडतुड्यामागे लागत नाही.

पोटभरू
म्हणजे दुकानदार बरोबर. दोन बाटल्या घ्या आणि धागा बंद करा.

स्वातीके
@पोटभरू, थांबा हो, चहा प्यायला गेले होते.

मोहोर नसतो तेव्हा तुडतुडा कुठे असतो याचा विचार करा. खोडाच्या सालीच्या भेगांत आणि दाट सावलीच्या आतल्या फांद्यांवर. संख्या थोडी, पिल्लं तर जवळजवळ नसतातच. ह्या काळात एका कोळ्याने खाल्लेला एक प्रौढ तुडतुडा म्हणजे पुढच्या मोहोरात न घातलेली अंडी. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जे शिल्लक राहतात तेच डिसेंबरात मोहोरावर चढतात. कोळ्याची खरी नोकरी ही आहे. आणि आपण नेमक्या त्याच वेळी झाडूही मारतो नि फवारतोही.

२०१७ साली नायफेलर आणि बिर्कहोफर या दोघांनी हिशोब मांडला होता की जगातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात. त्यातला बहुतेक वाटा जंगलं आणि गवताळ रानं यांतला, शेतांतला अगदी थोडा. कारण उघड आहे. शेतात सारखी उलथापालथ आणि फवारे. कलमांची बाग मात्र शेतापेक्षा रानाच्या जवळची. झाड पन्नास वर्षं जागचं हलत नाही.

तेंडली
मी मालवणचो. कोळ्यांचा सोडा, हुमल्यांचा काय? आमच्या कलमार हुमल्यांची घरां आसत. आंबे काढूक चढलो की पयलो हुमलो चावता, मगे आंबो गावता. पण आजोबान कधी ती घरां जाळूक दिल्यान नाय. "ते आपले बिनपगारी राखणे," म्हणायचे.

खवय्या_नं_२
बिनपगारी राखणे मालकालाच चावतात हे मात्र अस्सल कोकणी.

उनाड_मुंगळा
हुमले म्हणजे विणकर मुंग्या ना? तांबूस-पिवळ्या, लांब पायांच्या? आमच्याकडे गुहागरात ओंबील म्हणतात. त्यांचं घर उघडून बघा एकदा (लांब बाह्यांचा शर्ट घालून). ताजी हिरवी पानं कडेला कडा लावून शिवलेली असतात. शिवणारी मुंगी स्वतः धागा काढत नाही. ती आपली अळी तोंडात धरते आणि एका पानावरून दुसऱ्यावर फिरवते. रेशीम अळीचं. थोडक्यात, बाळाचा धोटा करून माग चालवलेला.

माजघर
बाळाला कामाला लावणारे आईबाप फक्त आमच्याच घरात आहेत असं वाटत होतं.

डार्विनकर_जोशी
ऑस्ट्रेलियातून लिहितोय. आमच्या डार्विनला हीच मुंगी आहे, फक्त तिचं पोट हिरवं, म्हणून इथे हिरवी मुंगी म्हणतात. चावली की झोंबते, आणि पोट जिभेवर ठेवलं तर लिंबासारखं आंबट लागतं (हो, चाखलंय). इथल्या विद्यापीठातले रेन्कांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी काजू आणि आंब्याच्या बागांत ह्या मुंग्यांवर बरीच वर्षं काम केलं. काजूवर तुमच्याकडे ज्याला ढेकण्या म्हणतात त्याच जातकुळीचा किडा इथेही आहे, आणि मुंग्या असलेल्या झाडांवर त्याचं नुकसान बरंच कमी.

पण एक ग्यानबाची मेख आहे. मुंग्यांची एक वसाहत म्हणजे बऱ्याच झाडांवर पसरलेली बरीच घरं, आणि राणी एकाच घरात. शेजारशेजारच्या झाडांवर दोन वेगळ्या वसाहती असल्या तर त्या किडे सोडून एकमेकींशीच लढत बसतात. म्हणून इथे आधी कुठली झाडं कुठल्या वसाहतीची ते ओळखतात, एका वसाहतीची झाडं दोरीने जोडतात आणि दोन वसाहतींच्या मधल्या फांद्या छाटतात.

पोटभरू
दोन वसाहती, मध्ये सीमा, आणि दोघी भांडतात. काका, ही मुंग्यांची गोष्ट आहे की आमच्या सोसायटीची?

स्वातीके
@डार्विनकर, छान माहिती. ही कल्पना जुनी आहे. इ. स. ३०४ च्या सुमारास ची हान या चिनी लेखकाच्या नावावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात लिहिलंय की दक्षिणेकडे बाजारात मुंग्यांची घरं पिशव्यांतून विकायला येत आणि लोक ती संत्र्याच्या झाडांवर टांगत. मुंग्या नसतील तर एकही फळ धड राहणार नाही, असं तो सांगतो. पुढच्या काळात झाडाझाडांमध्ये बांबूचे पूल बांधल्याच्याही नोंदी आहेत. किड्याने किडा मारण्याचं एवढं जुनं लिखित उदाहरण दुसरं नाही.

बेचका
स्वातीताई, मुंग्यांचं एवढं कौतुक करू नका हो. हुमले तुडतुडे खातात, पण पिठ्या ढेकूण आणि खवले किडे पाळतातही. गवळ्याने म्हशी पाळाव्यात तसे. त्यांच्या चिकट्यासाठी त्यांना सांभाळतात आणि ढालकिडे (लेडीबर्ड) आले तर हाकलून देतात. माझ्या बागेत ज्या चार कलमांवर हुमले दाट, तिथेच देठाजवळ पिठ्या सापडतो. शिवाय काढणीला गडी त्या झाडावर चढायला तयार नसतात. झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) काढले तरी काठीवरून उतरून हातावर येतातच.

तेंडली
@बेचका, ता खरा. पण हाताक राख चोळून चढल्यार कमी येतत. आजोबांचीच युक्ती.

डार्विनकर_जोशी
राख इथेही चोळतात! कोकण ते डार्विन, युक्ती एकच.

रानफूल
अवांतर: हुमल्यांचे फोटो काढताना पाय नीट मोजा. मी एकदा एका "मुंगी"चे फोटो काढत होते, रंग तोच, चाल तीच, पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत होती. घरी येऊन बघितलं तर आठ पाय. मुंगीचं सोंग घेतलेला उडी मारणारा कोळी. नराचा जबडा एवढा लांब असतो की मुंगी दुसरी मुंगी तोंडात घेऊन चालली आहे असं वाटतं. हा बहुधा मुंग्यांपासून चार हात लांबच राहतो, सोंग फक्त स्वतःच्या बचावासाठी. पण दुसरा एक खेकडा कोळी आहे, तोही हुमल्यासारखाच दिसतो, आणि तो मात्र हुमलेच खातो. मुंगीला पकडून धाग्याला लटकतो, म्हणजे बाकीच्या तिला सोडवायला येऊ शकत नाहीत.

माजघर
झाडावर एवढं राजकारण चालतं आणि आपण खाली उभे राहून कैरी कधी पडते बघतो.

आडवाट
सगळ्यांचे आभार, इतकं कळेल असं वाटलं नव्हतं. बाळाच्या धोट्याची गोष्ट मुलीला वाचून दाखवली. गुरख्याला झाडू थांबवायला सांगितलंय. त्याने आज फोटो पाठवले, पाच फोटो खाली जोडतोय. ह्यातलं कुठलं जाळं चांगलं, कुठलं वाईट?

रानफूल
फोटो १ आणि ४: गोल जाळं, मध्ये पांढरी नागमोडी नक्षी, पाय जोडीजोडीने फुलीसारखे ठेवून बसलेला. कोळीच. हात लावू नका.

फोटो २: हिरवी पानं शिवलेली. हुमले आहेत, तेंडलींचे बिनपगारी राखणे.

फोटो ३ आणि ५ मात्र बघा हो कुणीतरी. पानं वाळून तपकिरी झाली आहेत आणि झुबक्यात काळी बारीक दाणेदार घाण दिसतेय.

स्वातीके
रानफूल, शाबास. ३ आणि ५ कोळी नाहीतच. ती पानं गुंफणारी अळी आहे. हिचा पतंग पानांवर अंडी घालतो, अळ्या पानं रेशमाने एकत्र बांधून आत बसतात आणि हिरवा भाग खाऊन नुसत्या शिरा ठेवतात. काळे दाणे म्हणजे अळ्यांची विष्ठा. दाट, सावलीच्या बागेत हिचा त्रास जास्त.

म्हणजे आडवाट, तुमच्या बागेत पांढरं दिसणारं तीन प्रकारचं रेशीम आहे आणि तुमचा गुरखा तिन्हींवर एकच झाडू फिरवणार होता. वाळलेले झुबके कैचीने कापून खाली आणा आणि जाळा. नुसते झाडून खाली पाडले तर अळ्या मातीत जाऊन कोष करतील. हिरव्या पानांची घरं आणि उघडी जाळी राहू द्या.

आडवाट
अरे देवा. आणि मी तीन दिवस "कोळी जगवा" म्हणून घरच्यांना व्याख्यान देतोय.

पोटभरू
अर्धवट ज्ञानाने मी दुकानदाराची बाजू घेतली आणि तुम्ही अळीची. फिट्टंफाट.

वांगणी_लोकल
माझ्याकडे बाग नाही, गच्चीत कुंड्या आहेत, तरी विचारते. जास्वंदावर मावा आणि पिठ्या ढेकूण आहे. त्यातच काळ्या रंगाच्या, नारिंगी ठिपके असलेल्या, मगरीच्या पिल्लांसारख्या अळ्या फिरतायत. आणि पानाखाली केसाच्या टोकावर मोतीदाणे ठेवल्यासारखं काहीतरी. काल कडुनिंबाचं तेल मारणार होते, हा धागा वाचून हात थांबला.

स्वातीके
थांबलात ते बरं झालं! मगरीसारख्या अळ्या म्हणजे ढालकिड्याची बाळं. मावा तीही भरपूर खातात, आणि दिसायला भयंकर म्हणून पहिली तीच मारली जातात. केसावरचे मोती म्हणजे क्रायसोपाची (जाळीदार पंखांचा किडा, ह्याच्या अळ्या मावा खातात) अंडी. अंडं दांड्यावर असतं, म्हणजे मुंग्यांना आणि आधी बाहेर आलेल्या भावंडांनाही ते सहज सापडत नाही.

गंमत म्हणजे जपानमध्ये ह्याच अंड्यांना उदुंबराचं फूल म्हणतात. तीन हजार वर्षांतून एकदा फुलतं असं मानलेलं. कोरियात बुद्धमूर्तीवर ही अंडी दिसली की लोक दर्शनाला येतात.

माजघर
आमच्याकडे औदुंबराला फूल दिसलं तर राजयोग म्हणतात. वांगणीताई, लॉटरीचं तिकीट काढा.

उनाड_मुंगळा
ढालकिड्यांवरून आठवलं. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात संत्र्याच्या बागा एका पांढऱ्या कापसाळ खवले किड्याने संपत आल्या होत्या. किडा मूळ ऑस्ट्रेलियाचा. अल्बर्ट कोबेली नावाच्या माणसाला १८८८ साली तिकडे पाठवलं, त्याने एक लालकाळा ढालकिडा शोधला आणि बोटीने पाचशेच्या आसपास ढालकिडे पाठवले. वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. पण पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९४५ नंतर त्याच बागांत डीडीटी आलं, ढालकिडा मेला आणि खवले किडा परत उसळला. फवारणी बदलून ढालकिडा पुन्हा आणावा लागला.

बेचका
ह्या गोष्टी मला आवडतात, पण एक प्रश्न राहतोच. त्या ढालकिड्याचं पोट एकाच किड्यावर चालतं, म्हणून जमलं. कोळ्याचं तसं नाही हे स्वातीताईंनीच सांगितलं. माझी बाग कराराने जात असे तेव्हा करारदार पंधरवड्याला फवारायचा. त्याला पुढच्या वर्षीच्या कोळ्यांशी काय देणंघेणं? पाच वर्षांपूर्वी बाग परत घेतली तेव्हा झाडावर शोधूनही कोळी दिसेना. दोन पावसाळे गेले आणि बांधावरच्या करवंदी-आईनाच्या रानातून हळूहळू परत आले.

रानफूल
@बेचका, आले कसे माहितीये? उडत. कोळ्याचं पिल्लू फांदीच्या टोकावर चढतं, पोट वर करून धागा सोडतं आणि वाऱ्याबरोबर निघतं. म्हणून बांधावरचं रान तोडू नये.

आडवाट
बेचकाकाका, तुम्ही आता फवारता की नाही? सरळ सांगा.

बेचका
फवारतो. पण मोजून. बागेत वेगवेगळ्या बाजूंचे मोहोर धरून बघतो. मोहोरामागे सरासरी पाचच्या आसपास तुडतुडे दिसले तर फवारा, नाहीतर नाही. फुलं पूर्ण उमललेली असताना फवारा टाळतो, परागण करणाऱ्या माश्या मरतात आणि फळ धरत नाही. पावसाळ्यानंतर आतल्या एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढतो, ऊन खोडापर्यंत गेलं की तुडतुड्याला लपायला जागा राहत नाही. ऑक्टोबरात खोडावर काहीही मारत नाही. पूर्वी आठ-नऊ फवारण्या व्हायच्या, आता चार-पाच. कोळ्यांमुळे की फांद्या काढल्यामुळे, ते देवाला ठाऊक.

आडवाट
(फेब्रुवारी) धागा वर काढतोय, रागावू नका. हिशोब द्यायचा राहिला होता.

अळीचे झुबके कापून जाळले, तीन पाट्या निघाले. दहा कलमांवर ऑक्टोबरची फवारणी केली नाही, बाकी ३२ वर गुरख्याने त्याच्या मनाप्रमाणे केली (दुकानदाराच्या बाटल्या वाया जाऊ नयेत म्हणून). जानेवारीत शेजारच्या काकांच्या हाताखाली उभा राहून मोहोर मोजले. दहा कलमांवर सरासरी तीन तुडतुडे, बाकीच्यांवर चार. फरक म्हणावा इतका नाही, एवढ्याशा मोजणीत तर नाहीच. पण न फवारलेली कलमं फवारलेल्यांपेक्षा वाईट नाहीत, म्हणजे एक फवारणी उगाच झाली. मोहोराच्या दांड्यावर एक हिरवट कोळी तुडतुड्याचं पिल्लू घेऊन बसलेला दिसला. गुरख्याला दाखवला. आता तो मला रोज फोन करून कोळ्यांची खबर देतो, आंब्यांची नाही.

वाईट बातमी: गेल्या आठवड्यात फुलकिडे आले. बारीक कैरीची साल खरवडल्यासारखी झालीय. त्यांच्यासाठी फवारावंच लागलं.

बेचका
फुलकिडे आले म्हणजे आता खरी परीक्षा. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तीनशे प्रतिसाद होतील. आणि तुमचा गुरखा कोळी मोजतोय तर त्याला फुलकिडेही मोजायला शिकवा. मोहोर पांढऱ्या कागदावर झटकायचा, बस्स.

खवय्या_नं_२
धागा वाढला, आंबे कधी? पेटीचा भाव काय लावणार ते कुणीच विचारलं नाही.